छोट्या डेंटल क्लिनिकमध्ये सेफ्टी नीट बसवायची असेल तर आधी माणसं मोजा

नवीन क्लिनिक टाकणारे ज्युनिअर्स हमखास विचारतात, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) कुठला घेऊ, क्लास बी घेऊ का साधा चालेल? मी उलट विचारते, तो चालवणार कोण? सक्शन धरणारी, फोन उचलणारी, पैसे घेणारी आणि इन्स्ट्रुमेंट धुणारी अशी एकच मुलगी असेल तर मशीन कितीही भारी घ्या, संध्याकाळी सातच्या गर्दीत स्टरिलायझेशनलाच कात्री लागणार, आणि त्यात तिचा काही दोष नाही.

जरा हिशोब करून बघा. १३४ डिग्रीला होल्डिंग टाइम (त्या तापमानाला ठेवायचा वेळ) फक्त ३-४ मिनिटं, पण मशीन तापणं, प्रेशर उतरणं, पाऊच (इन्स्ट्रुमेंट पॅक करायचं कागदी पाकीट) सुकणं धरलं तर एक सायकल साधारण पाऊण तास खाते, त्याआधी धुणं, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये ध्वनिलहरींनी साफ करणं, कोरडं करणं, पॅक करणं यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे एकदा वापरलेला एअरोटर (दात कोरायचा हँडपीस) परत हातात यायला सव्वा तास, आणि तुम्ही अर्ध्या तासाला एक पेशंट घेताय. त्यामुळे एका चेअरमागे चार एअरोटर तरी पाहिजेत, नाहीतर तोच स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटच्या तोंडात जातो. पुसून भागत नाही हो, लाळ आणि रक्त हँडपीसच्या आतपर्यंत ओढलं जातं, तिथे स्पिरिटचा बोळा पोचत नाही. हँडपीस आतून पोकळ असतो म्हणूनच क्लास बी, जो आधी व्हॅक्युमने हवा काढून घेतो, तो घ्या असं सांगतात.

तर माणसं किती? एका चेअरला चेअरसाइड असिस्टंट एक, आणि इन्स्ट्रुमेंट व रिसेप्शन बघणारी दुसरी, यापेक्षा कमीत मला तरी नीट काम होताना दिसलेलं नाही. दोन चेअर झाल्या की स्टरिलायझेशनला वेगळं माणूस ठेवा, त्या वेळात तिला फोन उचलायला लावू नका. ग्लोव्ह्ज काढा, फोन घ्या, परत घाला, यातच सगळं बिघडतं.

इन्स्ट्रुमेंटचा रस्ता एकाच दिशेचा ठेवा, ओटा छोटा असला तरी चालेल, पण डावीकडे घाण, उजवीकडे स्वच्छ, मधून उलटं काही जायचं नाही. धुताना पातळ एक्झामिनेशन ग्लोव्ह्ज नकोत, जाड रबरी हातमोजे, चष्मा आणि एप्रन. ब्रश पाण्याखाली बुडवून घासायचा म्हणजे शिंतोडे तोंडावर येत नाहीत. एकदा जवळ उभं राहून बघा, दात काढायच्या फोर्सेप्सच्या सांध्यात आणि कीटण काढायच्या स्केलरच्या टोकाजवळ रक्ताची काळपट रेघ वाळून बसलेली असते, ती निघाली नाही तर ऑटोक्लेव्हमध्ये ती तिथेच शिजते आणि तिच्याखाली वाफ पोचत नाही. चेंबर ठासून भरू नका. पाऊच ओलं बाहेर आलं तर ते स्टराइल धरायचं नाही, ओल्या कागदातून जंतू आत जातात, परत सायकल लावा. पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं, जंतू मेले का ते कळायला आठवड्याला एक स्पोअर टेस्ट (चिवट जंतूंचे बीजाणू मशीनमध्ये ठेवून ते मरतात का बघायची) लावा. पाऊचवर तारीख पेनने लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पाणी आणि सलाईन याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. तमिळनाडूत वाणियंबाडीला २०२२-२३ मध्ये काय झालं ते प्रत्येक डेंटिस्टने वाचायला हवं. एका दाताच्या क्लिनिकशी जोडलेल्या १० पेशंटना मेंदूचा मेलिऑइडोसिस (एक जिवाणूजन्य आजार) झाला, त्यातले ८ गेले. तपासणाऱ्यांनी बोट ठेवलं ते सलाईनच्या बाटलीवर, पेरिऑस्टियल एलिव्हेटरने (हिरडी सोडवायच्या सर्जरीच्या हत्याराने) ती उघडायची, सैलसर बंद करायची आणि तीच पुढे वापरत राहायची. इतकी छोटी गोष्ट! म्हणून सर्जरीला दर पेशंटला नवीन बाटली, उरलेलं सलाईन ओतून टाका, जीव तुटला तरी टाका. युनिटच्या वॉटरलाइनमधून (चेअरच्या पाण्याच्या नळ्यांमधून) सकाळी दोन मिनिटं आणि प्रत्येक पेशंटनंतर २०-३० सेकंद पाणी वाहू द्या. लिग्नोकेनच्या (बधिर करायच्या औषधाच्या) व्हायलला प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज.

स्टाफला कामावर घेताच हिपॅटायटिस बी ची लस, ०, १ आणि ६ महिने, पैसे क्लिनिकचे, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीची टेस्ट), तो १० mIU/mL च्या वर पाहिजे. धुणीभांडी-लादी बघणाऱ्या मावशींनाही द्या, कचऱ्यातली सुई सगळ्यात आधी त्यांनाच टोचते. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियमही कचरा हाताळणाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस द्या असंच सांगतात. सुईला टोपण दोन हातांनी लावायचं नाही, ट्रेवर ठेवून एका हाताने उचलायचं. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, पेशंटची संमती घेऊन त्याच्या टेस्ट करा आणि लगेच सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) सेंटरला पाठवा, एचआयव्ही रोखणारं औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. आणि ओरडू नका, एकदा ओरडलात की पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

कचऱ्याचं सोपं आहे: काढलेला दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्यात, सक्शन टिप-ग्लोव्ह्ज लालमध्ये, सुया-ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, ४८ तासांच्या वर साठवायचं नाही, एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) ऑथोरायझेशन घेऊन ठेवा. एक्स-रे मशीनची नोंद एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवर करा, आणि पेशंटच्या तोंडात फिल्म धरायला असिस्टंटला कधीच उभं करू नका, तिची जागा किरणाच्या वाटेतून बाजूला, कमीत कमी सहा फुटांवर.

इमर्जन्सी किट बहुतेकांकडे असतं, पण कपाटाच्या वरच्या फळीवर आणि एक्स्पायर झालेलं. ऑक्सिजन सिलिंडर, ॲड्रिनलिन, ॲस्पिरिन, सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची गोळी), इनहेलर, ग्लुकोज, सगळं हाताशी ठेवा आणि महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी सही करून तपासायचं. चक्कर तर रोजचीच, पण औषधाची जबर ॲलर्जिक रिॲक्शन आली तर मांडीत ॲड्रिनलिन द्यायला मिनिटंच मिळतात. बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपायांचं) ट्रेनिंग सगळ्यांनी घ्या, रिसेप्शनवालीनेसुद्धा, ॲम्ब्युलन्सला १०८ वर फोन तीच करणार आहे.

अजून एक, असिस्टंट कितीही हुशार असो, तिच्याकडून स्केलिंग करून घेणं, इंजेक्शन देणं हे चालणार नाही. स्केलिंगला रजिस्टर्ड हायजिनिस्ट असतात, १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून त्यांची वेगळी नोंदणी होत आली आहे. कन्सल्टंट बोलावता तेव्हा त्यांचंही स्टेट डेंटल कौन्सिलचं रिन्यूअल बघून घ्या, संकोच करू नका.

आणि मुली टिकतील असा पगार द्या. दर चार महिन्यांनी नवी मुलगी आली तर वरचं सगळं परत पहिल्यापासून शिकवावं लागतं आणि त्या शिकण्याच्या दिवसांतच सुया टोचतात. आठवड्याची सुट्टी, जेवायला अर्धा तास, रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय, एवढं तरी हवंच. आणि ती रजेवर असेल त्या दिवशी अपॉइंटमेंट निम्म्या करा, अक्कलदाढेची सर्जरी पुढे ढकला, पेशंटला फोन करून खरं कारण सांगा.