गाठ दिसली म्हणजे माशी सापडली असं नव्हे: गादमाशी ओळखताना या चुका टाळा

भंडारा-गोंदियाच्या भातशेतकऱ्याला गादमाशी, म्हणजे जिच्या अळीमुळे बऱ्याचदा झाडावर गाठ येते ती इवलीशी माशी, समजावून सांगावी लागत नाही. पोंगा (रोपाची मधली कोवळी सुरळी) चंदेरी पडून कांद्याच्या पातीसारखा पोकळ झाला की त्याला कळतं. मुंबईत आपण पानावरच्या फोडाचा फोटो काढतो आणि ‘नवी प्रजाती असेल का?’ म्हणून विचारत सुटतो. असेलही! या कुळातल्या सहा हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत, आणि 2016 साली कॅनडातल्या डीएनए अभ्यासाने जगभरातला आकडा अठरा लाखांपर्यंत जाऊ शकतो असा अंदाज मांडला. नवी प्रजाती हाताला लागणं तितकं अवघड नाही. ती नवी आहे हे सिद्ध करताना मात्र माणसं घसरतात.

गाठीचा मालक न पाहताच नाव देणं

रस्त्याकडेच्या सप्तपर्णीच्या पानांवर गाठींची गर्दी असते. त्या सिलिड नावाच्या रस शोषणाऱ्या किड्याच्या. करंजाच्या पानांवरचे बोटांसारखे फुगवटे कोळीवर्गातल्या माइटचे, आणि पांगाऱ्याच्या सुजलेल्या देठांमागे एक चिमुकली गांधीलमाशी असते, जिचं वर्णनच मुळी 2004 मध्ये झालं. आंब्याच्या पानावरचे मसुरीएवढे फोड मात्र बहुतेकदा खऱ्या गादमाशीचे निघतात. त्यातल्या एका प्रजातीला कीफर आणि चेक्कोनी या कीटकशास्त्रज्ञांनी 1906 मध्येच नाव दिलेलं आहे, तेव्हा फार हुरळून जाऊ नका.

ब्लेडने गाठ कापा आणि भिंगाखाली धरा. पाय आणि डोळे असलेलं पिल्लू दिसलं तर सिलिड. बिनपायाची, पिवळी किंवा नारिंगी अळी असेल आणि छातीखाली तपकिरी, फावड्यासारखा काटा असेल तर ती गादमाशीच. या काट्याला स्पॅच्युला म्हणतात. पूर्ण वाढलेल्या अळीतच तो नीट दिसतो, आणि काही प्रजातींत नसतोच. म्हणून काटा दिसला नाही एवढ्यावरून गादमाशी बाद करू नका.

डबीत जे उडालं, त्यालाच मालक समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे. रीतसर परवानगी घेऊन गोराईच्या खाडीकाठची तिवराची गाठी असलेली पानं आणून डबीत ठेवली होती. (कांदळवनातलं पानसुद्धा विचारल्याशिवाय तोडू नये.) आठवड्याने डबीत दहा-बारा हिरवट चकचकीत किडे फिरताना दिसले आणि मी रात्री अकरा वाजता मित्राला फोन केला. त्याने एकच विचारलं, “पंख किती?” चार होते. मिशा कोपरात वाकवल्यासारख्या. अळीला आतल्या आत खाऊन बाहेर आलेल्या परजीवी गांधीलमाश्या होत्या त्या.

गांधीलमाशी नावापुरतीच माशी; खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते, मागची जोडी नुसत्या गुंड्यांसारखी उरलेली. गादमाशीच्या मिशा लांब, मण्यांच्या माळेसारख्या. पण खरी गादमाशी उडाली तरी काम संपत नाही. लेस्टोडिप्लोसिस या वंशाच्या अळ्या दुसऱ्यांच्या गाठीत शिरून मूळ मालकालाच खातात, आणि त्याही गादमाश्याच! म्हणून बाहेर पडायचं भोक तपासा. गांधीलमाशी कुरतडून गोल भोक पाडते. गादमाशीला कुरतडता येत नाही, तिचा कोषच पुढे सरकतो आणि त्याची रिकामी साल बऱ्याचदा भोकातच अडकून राहते. ती साल, गाठीतली अळी आणि उडालेली माशी एकाच गाठप्रकारातली आहे एवढं जुळेपर्यंत कोणालाही फोन करू नका. तिवरावर तर वेगवेगळ्या आकारांच्या गाठी वेगवेगळ्या प्रजातींच्या असू शकतात, त्यामुळे प्रत्येक आकाराला वेगळी डबी.

काहीच उडत नाही तेव्हा

पानं बहुधा कोवळी तोडलेली असतात. फांदी पाण्यात उभी करा, वर मलमल बांधा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत जुलैच्या हवेत दोन दिवसांत बुरशी येते. काही प्रजातींच्या अळ्या, उदाहरणार्थ आंब्याच्या मोहोरावरच्या, कोषासाठी मातीत उतरतात. डबीच्या तळाशी ओलसर वाळू नसेल तर त्या वाळून मरतात आणि आपण ‘गाठ रिकामी होती’ अशी नोंद करतो. सकाळ-संध्याकाळ पाहायला हवं, कारण प्रौढ माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते.

टाचणीला लावू नका, ती सुकून चुरगळते. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनएसाठी काही नमुने पंचाण्णव टक्क्यांत, फ्रीजमध्ये. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चार महिन्यांनी हातात कोरा कागद येतो.

वर्णन लिहिताना

डीएनए नोंदींच्या संग्रहात जुळणारा नमुना सापडला नाही म्हणजे प्रजाती नवी, असं धरून चालू नका. भारतातल्या बहुतेक गादमाश्यांचे नमुने त्या संग्रहात नाहीतच. आधी कीटकशास्त्रज्ञ एम. एस. मणी यांचं भारतीय गाठींवरचं काम चाळा. कीटक कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक करून काचपट्टीवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवा, कारण प्रजाती ठरते ती नराच्या जननांगांवरून, मिशांवरच्या धाग्यांच्या वेटोळ्यांवरून आणि अळीच्या स्पॅच्युलावरून.

आणखी एक. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नुसत्या गाठीला दिलेलं नाव 1930 नंतर चालत नाही, कीटक हवाच. 1999 नंतरच्या नावासाठी मूळ नमुना कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे लिहिलं नाही तर नावच ग्राह्य धरत नाहीत. जैवविविधता कायदा, 2002 नुसार नवी प्रजाती सापडल्यास नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करावा लागतो. घरच्या कपाटात ठेवून भागत नाही.

गोराईच्या गाठींतून पुढच्या हंगामात खऱ्या गादमाश्या मिळाल्या. सात माद्या, नर एकही नाही. डबीवर अजून नाव नाही, पेन्सिलीने एवढंच लिहिलं आहे: ‘तिवर, पान, खालची बाजू’.