उष्माघात झालेल्या जवानाला आधी गार करा, गाडी नंतर

रूट मार्चच्या शेवटच्या टप्प्यात एखादा जवान झोकांड्या खायला लागला, नाव विचारल्यावर अंगावर धावून आला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर तो दमलाय असं समजू नका. उष्माघात धरूनच कामाला लागा. 'घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही' हे मी दर शिबिरात ऐकतो आणि दर वेळी खोडून काढतो. पिट्ठू, म्हणजे पाठीवरचं सामानाचं ओझं, घेऊन पळणाऱ्या तरुणाचं अंग घामाने निथळत असतं आणि आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. बिघडलेलं वागणं हीच खरी खूण.

सावलीत घ्या; पिट्ठू, हेल्मेट, बूट, कपडे उतरवा.

तापमान गुदद्वारातूनच मोजा. काख, कान, कपाळ इथले आकडे मैदानात फसवतात. थर्मामीटर नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका.

आता जिथे मी स्वतः चुकलो ती पायरी. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका जवानाला मी तडक गाडीत घातलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि गाडी पळवायला सांगितली. रुग्णालय पाऊण तासावर होतं. तेवढा वेळ तो आतून शिजत होता. वाचला, पण त्याची मूत्रपिंडं सावरायला कित्येक आठवडे गेले. तेव्हापासून माझा नियम एकच: रुग्णवाहिकेला फोन लगेच करायचा, पण गार केल्याशिवाय माणूस हलवायचा नाही. कोसळल्यापासून अर्ध्या तासात तापमान ३९ च्या खाली यायला हवं, आणि ते काम जागेवरच होतं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवणं. टब नसेल तर ताडपत्री घ्या, पाच-सहा जणांनी कडा उचलून धरा, मधे जवान, वरून पाणी आणि बर्फ. एकाने मागून त्याच्या काखांखालून धरून डोकं वर ठेवायचं, दुसऱ्याने पाणी सतत ढवळायचं; नाहीतर अंगालगतचं पाणी कोमट होऊन बसतं. 'गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आतच कोंडते' असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. अशा पाण्यात साधारण पाच मिनिटांत एक अंश उतरतो. बर्फ नसेल तर मिळेल ते पाणी ओतत राहा.

तेवढं पाणी नसेल तर चादरी. सराव सुरू होण्याआधीच त्या बर्फाच्या पाण्यात भिजत ठेवलेल्या हव्यात. माणूस पडल्यावर बर्फ शोधायला पळणं म्हणजे वेळ घालवणं. डोक्यासकट सगळं अंग झाका आणि दर दोन-तीन मिनिटांनी चादर बदला. तीच चादर अंगावर राहिली तर ती गरम होते आणि पांघरुणासारखी उष्णता अडवते.

३९ च्या आसपास थांबा. मोजता येत नसेल तर साधारण पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग गाडी. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्याने उतरत नाही. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. सोबत चिठ्ठी द्या: कधी पडला, पहिलं तापमान किती, गार करायला कधी सुरुवात केली.

आणखी एक फसवा प्रकार आहे. जवान गोंधळलेला आहे, उलट्या होताहेत, डोकं दुखतंय, पण तापमान फारसं नाही आणि सकाळपासून तो बाटल्यांमागून बाटल्या पितोय. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. त्याला आणखी पाणी पाजणं जिवावर बेतेल; थेट डॉक्टरकडे न्या. म्हणूनच उन्हाळ्यातही तासाला दीड लिटरच्या वर पाणी पाजण्याची सक्ती मला मान्य नाही.

थंडीतलं काम त्यामानाने सोपं. गारठलेल्याचे ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, आडवंच ठेवा आणि अलगद हलवा, कारण धक्क्यानेही हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अंग थंडगार असतानाच कापरं थांबलं, तर ती सुधारणा नव्हे, प्रकृती खालावतेय. पाय दिवसभर ओले राहिले असतील तर पुसून कोरडे करा, मोजे बदला.

हिमदंशात, म्हणजे थंडीने अंगाचा एखादा भाग गोठला तर, चोळू नका, बर्फाने तर नाहीच. शेकोटीजवळही नेऊ नका. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा तास बुडवा, पण तो भाग पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. वाटेत परत गोठण्याची शक्यता असेल तर ऊब देणं मुक्कामावर पोहोचेपर्यंत लांबवा. नाइलाज असेल तर गोठलेल्या पायाने चालत आलेलं परवडतं, वितळून पुन्हा गोठलेला पाय मात्र बहुतेक वेळा गमवावा लागतो.