कुत्र्याला घरी इन्सुलिन देताना

आमच्या चिंगीला सकाळ-संध्याकाळ मीच इन्सुलिन टोचते. मधुमेह झालेल्या कुत्र्याचं गोळ्यांवर भागत नाही, इन्सुलिन बहुतेक जन्मभर लागतं. मांजरांचं वेगळं: लवकर उपचार आणि कमी कर्बोदकांचा आहार मिळाला तर काहींचं इन्सुलिन सुटतंही. जनावर फार पाणी पितंय, सारखी लघवी करतंय, भरपूर खाऊनही वाळतंय असं दिसलं की रक्त-लघवी तपासून घ्या.

सुरुवात सिरिंजपासून. चिंगीच्या औषधात एका मिलिलिटरला ४० युनिट, त्याला लाल टोपणाची सिरिंज. सासूबाईंचं १०० युनिटचं, त्याला केशरी टोपणाची. दोन्ही एकाच फ्रीजमध्ये, म्हणून चिंगीचा डबा वेगळा आणि वर तिचं नाव. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर २५ युनिट जातात. एवढ्याने जीव जाऊ शकतो. दुकानात नुसतं 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हणू नका, बाटलीचं खोकं दाखवा. बाटली हलवायची की तळहातांत फिरवायची, हे औषधागणिक बदलतं. डॉक्टरांकडून करून दाखवून घ्या.

आधी जेवण, मग सुई. खाल्लं नाही किंवा ओकली, तर आधी डॉक्टरांना फोन. मनाने डोस द्यायचा नाही. दोन सुयांत १२ तास. मी बरगड्यांच्या बाजूची सैल कातडी चिमटीत वर उचलते आणि खाली झालेल्या पोकळीत सुई घालते. जागा रोज बदलते. मग केसांवरून बोट फिरवायचं. ओलं लागलं तर औषध बाहेर सांडलंय, पण पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं ते कळत नाही, आणि साखर थोडी चढलेली परवडते, उतरलेली नाही.

साखर उतरली की पाय लटपटतात, अंग थरथरतं, पुढे झटकेही येतात. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. गिळता येत नसेल तर मध हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा. झटका चालू असताना मात्र तोंडात बोट घालू नका. घरात कुणाला मधुमेह असेल तर शुगर-फ्री च्युइंगम, गोळ्या उंचावर ठेवा. त्यातलं झायलिटॉल कुत्र्याला विषच, साखर धाडकन उतरवतं.

मादी असेल तर नसबंदीचं पहिल्याच भेटीत विचारा. माजानंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही. चिंगीचा डोस ऑपरेशननंतरच कमी झाला.