घेतलं खरं, पण… पस्तावलेल्या खरेदीतून बाहेर कसं पडायचं

आमच्या स्वयंपाकघरात दोन वर्षं एक घरघंटी उभी होती. तिच्यावर क्रोशाचं कापड, कापडावर मनीप्लांटची बाटली. सांगलीत विश्रामबागेतल्या एका प्रदर्शनात ‘आज बुकिंग केलंत तर मिक्सर फुकट’ हे ऐकून 21,600 रुपयांना घेतलेली. फुकटच्या मिक्सरचं भांडं चौथ्या महिन्यात गळायला लागलं. घरघंटी चालायची ती सासूबाई गावाला गेल्या की, कारण तिच्या आवाजात त्यांना मालिका ऐकू येत नाही. गल्लीच्या तोंडाशीच गिरणी आहे. तिथं आमचं महिन्याचं 15 किलो दळण, किलोला 6 रुपये, म्हणजे 90 रुपये. भागाकार मी घेतल्यानंतर केला. उत्तर 240 महिने आलं. विजेचं बिल न धरता 20 वर्षं.

तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या लोकांच्या असल्या खरेद्या निस्तरायला मी हौसेनं जाते. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. पायऱ्यांचा क्रम मात्र सोडू नका, कारण यातल्या बऱ्याच उपायांना मुदत असते आणि मुदत संपली की उरतो तो नुसता पस्तावा.

पायरी 1: खोकं जपा

चुटपुट बहुधा त्याच रात्री लागते. तेव्हा दुकानदाराला फोन लावू नका, घरात भांडू नका, फक्त वस्तू आहे तशी ठेवा. खोकं, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं. साडी असेल तर फॉल-पिकोला टाकू नका आणि ब्लाउजपीस कापू नका. एकदा कात्री लागली की कुठलाच दुकानदार ती साडी हातात धरत नाही. चपला घरातल्या फरशीवरच घालून बघा. मोबाईलमध्ये सिम घालायच्या आधी परत घेण्याच्या अटी वाचा.

बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. मशिनमधून येणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, आणि कोरा कागद घेऊन भांडायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

पायरी 2: माल चुकला की मन चुकलं?

कागदावर एकच वाक्य लिहा: ‘ही वस्तू मला नको, कारण…’ पुढे ‘आवाज करते’, ‘सांगितलं तशी नाही’, ‘शिवण उसवलेली आहे’ आलं तर माल चुकला. ‘उगाच घेतली’, ‘जावेनं घेतली म्हणून घेतली’, ‘हप्ता जड जातोय’ आलं तर मन चुकलं. दोन्हींचे रस्ते वेगळे. कायदा पहिल्याच्या पाठीशी उभा राहतो. दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा तुमचं बोलणं आणि दुकानदाराची मर्जी, एवढंच.

हे वाक्य तीन-चार दिवसांच्या आत लिहा. त्यालाही कारण आहे. 1956 साली अमेरिकेत जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञानं स्त्रियांना घरगुती वापराच्या काही वस्तूंना गुण द्यायला सांगितले आणि मग दोनांतली एक निवडून घरी न्यायला दिली. निवड झाल्यावर पुन्हा गुण घेतले, तर घेतलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि सोडलेलीचे घटले होते. आपलं मन आपल्याच खरेदीची वकिली करतं. ‘तशी बरीच आहे की’ हे आपण स्वतःला पटवत जातो. तीनशे रुपयांच्या पर्सबाबत ही वकिली खुशाल चालू द्या, तेवढाच डोक्याला आराम. हजारोंच्या खरेदीत मात्र ही वकिली रंगेपर्यंत परत करायची मुदत निघून जाते. माझं तसंच झालं. पहिले दोन महिने मी येईल त्याला घरच्या पिठाच्या भाकरीचं कौतुक सांगत होते.

पायरी 3: माल चुकला असेल तर

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंसुद्धा. म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालापुढे टिकत नाही. हे 30 दिवस सदोष मालासाठी आहेत. रंग आवडला नाही म्हणून नाहीत.

आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथंही निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. आणि प्रदर्शनात घेणाऱ्यांनी हे पाठच करावं: विकणारा परगावचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. त्यासाठी बिलावर त्याचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक हवा. माझ्या बिलावर फक्त मोबाईल नंबर होता, आणि प्रदर्शन उठल्यावर तो बंद झाला.

पायरी 4: मन चुकलं असेल तर

दुकानात स्वतः जा, पण वेळ बघून. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. भवानी व्हायच्या आत परत करायला आलेलं गिऱ्हाईक कुणाला चालत नाही. दुपारी तीन-साडेतीनला सांगलीच्या हरभट रोडवरच्या बाजारातसुद्धा जरा उसंत असते. पैसे मागू नका, बदल मागा. ‘काका, वस्तूत काही खोट नाही, माझाच अंदाज चुकला, दुसरं काही बघते’ असं सरळ बोललं की ‘पैसे नाही मिळणार वहिनी, पण बदलून न्या की’ हे उत्तर बऱ्याचदा येतं. खोटा दोष मात्र काढू नका. रोज शंभर साड्या उलगडणाऱ्या माणसाला शिवण कुणी उसवली ते कळतं.

काही खरेद्यांमध्ये नुसतं मन बदललं तरी बाहेर पडता येतं, आणि हे अनेकांना माहीत नसतं. उसाचं बिल जमा झालं, ठेव ठेवायला बँकेत गेला आणि विमा पॉलिसी घेऊन आला, असा एक तरी माणूस प्रत्येक गावात सापडेल. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांचं विमा संरक्षण, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च एवढंच कापलं जातं. अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जालाही माघारीची थोडी मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचा खर्च भरला की दंड न लागता कर्ज मिटतं. मुदत किती ते करारात बघा, आजच बघा.

सोन्याचं वेगळं. दागिना आवडला नाही म्हणून लगेच मोडायला जाऊ नका. विटा-खानापूरकडचे गलाईवाले देशभर सोनं आटवतात. त्यांच्या मुशीत नक्षी उरत नाही, वजन आणि कस उरतो. मजुरी आणि 3 टक्के जीएसटी गेलाच म्हणून समजा. ज्या पेढीतून घेतला तिथंच बदलून मिळतो का ते आधी विचारा.

पायरी 5: घरातच राहिली असेल तर

आता मुदत संपली आहे आणि वस्तू माळ्यावर आहे. ठेवायची की काढायची? मी यासाठी सांगलीची कसोटी वापरते. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या माझ्या आईनं वरच्या मजल्यावर काय काय नेलं? कागदपत्रं, औषधं, दागिन्यांचा डबा, आणि का कोण जाणे, बेगमीच्या हळदीची बरणी. घरातल्या वस्तूकडे बघून विचारायचं: पाणी आलं तर हिला जिना चढवू का? घरघंटीकडे बघून मला हसूच आलं.

काढायचं ठरलं की विकत घेतलेली किंमत विसरा. गाडीच्या विम्यात कंपन्या पहिल्या सहा महिन्यांतच 5 टक्के, वर्षाच्या आत 15 आणि दुसऱ्या वर्षी 20 टक्के घसारा धरतात; पाडव्याला दारात आलेली बुलेट दिवाळीला विकणाऱ्यानं रस्ता करही गेला असं धरूनच बोलायला बसावं. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात आणि नाव आपलं, हा पस्तावा पहिल्यापेक्षा महाग पडतो.

गिऱ्हाईक शोधताना ‘कुणाला हवी आहे’ यापेक्षा ‘कुणाच्या रोजच्या कामाची आहे’ असं शोधा. शेजारच्या मुलीची सतार दोन वर्षं कपाटावर पडून होती, मोबाईलवर विकायला टाकली तर अर्ध्या किमतीलाही कुणी विचारेना. मिरजेत सतारमेकरांकडे नेली. त्यांनी तारा बदलल्या, भोपळ्याला चीर नाही ना ते पाहिलं, आणि शिकायला लागलेल्या एका मुलाचा पत्ता दिला. माझी घरघंटी भाजणीच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईंकडे गेली. मी 12,000 सांगितले, 9,000 वर मिटलं. चौघांनी ती जिन्यावरून उतरवली तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होत्या. एवढी काळजी तिला दोन वर्षांत मिळाली नव्हती.

घरी खरी किंमत सांगून टाका. लपवलेली किंमत कधी ना कधी बिलासकट सापडते. आणि दुसऱ्याच्या खरेदीवर ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य गिळा, कारण ते ऐकलेला माणूस पुढची वस्तू लपवूनच आणतो.

पायरी 6: पुढच्या वेळी

वस्तू ज्या कामासाठी घ्यायची ते काम महिनाभर जुन्या पद्धतीनं करा आणि मोजा: किती वेळा केलं, दर वेळी किती पैसे गेले. किंमत भागिले महिन्याचा खर्च, हा भागाकार दुकानात जायच्या आधी. हप्ता शून्य टक्के व्याजाचा असला तरी प्रोसेसिंग फी विचारा, आणि रोख घेतल्यास किती सूट तेही विचारा. ती सूट म्हणजेच व्याज.

प्रदर्शनाला मी आता कार्ड घरी ठेवून, पर्समध्ये पाचशे रुपये घेऊन जाते. गेल्या वेळी 80 रुपयांची लिंबू पिळणी घेतली. रस बियांसकट खाली पडतो. बिल घेतलं नव्हतं.