एरर कॉइन की नुसतं ठोकलेलं नाणं? घरच्या घरी असं तपासा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारली की कोणीतरी हळूच खिशातून वाकडंतिकडं नाणं काढतंच, "साहेब, मिंट एरर आहे, पाचशे द्या." मिंट एरर म्हणजे टांकसाळीत बनतानाच चुकलेलं नाणं. मीही एकदा फसलोय, सांगतो पुढे.

आधी नाणं बनतं कसं ते डोक्यात पक्कं करा. पत्र्यातून चकत्या कापतात, चकतीची कड थोडी उचलून घेतात, मग ती कॉलरमध्ये म्हणजे एका कड्यात बसते आणि वरखालच्या दोन साच्यांमध्ये दाबली जाते. झालं. खरी एरर या पायऱ्यांमध्येच होते, टांकसाळीतून बाहेर पडल्यावर जे झालं ते डॅमेज, मग ते कितीही भारी दिसू दे.

सामान फार नाही लागत. दहा पट मोठं दाखवणारा लूप म्हणजे छोटं भिंग, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, जुन्या स्पीकरमधलं मॅग्नेट आणि शेजारी ठेवून बघायला त्याच वर्षाचं एक चांगलं नाणं. आणि प्लीज, चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, तपासण्यासारखं काही उरत नाही.

पहिलं वजन करा. १९९२ ते २०१० मधला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, अकरा कोनांचा जुना दोनचा ६ ग्रॅम, दहाचं दोन रंगांचं नाणं ७.७१ ग्रॅम. छाप बाजूला सरकलेली खरी ऑफ सेंटर एरर असेल तर वजन पूर्ण भरतं कारण धातू कुठे गेलेलाच नसतो, आणि छाप न पडलेला भाग गुळगुळीत असतो. रेल्वे रुळावर ठेवलेल्या नाण्याचंही वजन भरेल म्हणा, पण त्याची अक्षरं ताणलेली दिसतात आणि कड पात्यासारखी होते. पुलावरून नदीत टाकलेली नाणी पोरं मॅग्नेटने काढतात ना, ती काळी, झिजलेली, हलकी भरतात, आणि तीच "पातळ चकतीची एरर" म्हणून विकली जातात.

मग लूप. साच्याला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो म्हणून नाण्यावर रेघ उठून येते, वर आलेली. ओरखडा मात्र खोल असतो. नख फिरवलं तरी कळतं.

कड तुटल्यासारखी असेल, ज्याला क्लिप म्हणतात, तर तुटलेल्या जागेच्या बरोब्बर समोरची कड बघा. खऱ्या क्लिपमध्ये बहुतेक वेळा ती कड पुसट असते, कारण कड उचलताना समोर दाब द्यायला धातूच नव्हता. कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते आणि कापलेल्या जागी कानशीच्या बारीक रेघा दिसतात.

आता माझी गोष्ट. ब्रॉकेज, जुने लोक लाखी म्हणतात, म्हणजे आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच उलटा, खोल ठसा उमटतो. मी तसा एक रुपया तीनशेला घेतला, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला आरशातला खोल सिंह, खूश! घरी लूपखाली बघितलं तर त्या उलट्या सिंहाच्या आडून मूळची कणसं डोकावत होती आणि पलीकडचा सिंह चपटा झालेला. म्हणजे कोणीतरी रुपयाची दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, धरून आवळली होती. खऱ्या लाखीत त्या बाजूला मूळ डिझाइन आलेलंच नसतं.

साचा फिरलेला, म्हणजे एका बाजूची छाप दुसरीच्या मानाने तिरकी किंवा उलटी, आहे का बघायला नाणं वर आणि खाली बोटांत धरून पुस्तकाचं पान उलटतो तसं फिरवा, आपल्या नाण्याची दुसरी बाजूही सरळ यायला हवी. अमेरिकेच्या मावशीने दिलेलं क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, असं फिरवलं की उलटंच येणार, तिकडे पद्धतच तशी आहे, ती एरर नव्हे.

"टांकसाळीची खूणच नाही" म्हणूनही नाणी खपवतात. मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा टिंब आणि कोलकात्याची खूणच नसते, विषय संपला.

आणि फोनवर कोणी "तुमचं नाणं लाखात जाईल, आधी कमिशन भरा, रिझर्व्ह बँक घेते" म्हणालं तर सरळ कट करा, बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय की ती असल्या व्यवहारात नाही आणि कमिशनही घेत नाही.