घरच्यांना घेऊन गाडीने डोंगरात जायचं आणि थोडं चालायचं, तर प्लॅन असा करा

घरची सगळी मंडळी घेऊन गाडीने डोंगरात जायचं, वाटेत थांबत थांबत बघत जायचं आणि मग उतरून दोन-चार तास चालून यायचं, हा प्लॅन सगळ्यांना आवडतो पण बरेचदा फिसकटतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, प्लॅन करणारा स्वतःच्या स्पीडने वेळ धरतो. मागच्या सीटवर पाच वर्षांचं पोर आहे आणि शेजारी गुडघे दुखणारी आजी आहे हे त्या हिशोबात कुठेच नसतं. त्यामुळे माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच, की अख्खा दिवस घरातल्या सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने बसवा. आपण उगाच हळू जातोय असं एखाद्याला वाटेल, वाटू दे.

चालण्याच्या वेळेचा एक जुना सोपा हिशोब आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आणि अजून लोक वापरतात. सपाटीला ताशी ५ किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास वाढवायचा. समजा जाऊन येऊन ६ किलोमीटरची वाट आहे आणि एकूण चढ ३०० मीटर, तर चालायचा सव्वा तास आणि चढाईचा अर्धा तास मिळून पावणेदोन तास. पण हा आकडा धडधाकट आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा झाला. लहान मुलं बरोबर असली की मी सरळ दुप्पट धरते, म्हणजे साडेतीन तास, कारण मुलं दगड उचलणार, मुंग्यांची रांग बघत बसणार, शू लागली म्हणणार, आणि ते सगळं होऊ द्यायचं असतं, त्यासाठीच तर त्यांना आणलंय. गाडीचंही तसंच, फोनमधला मॅप तीन तास दाखवत असेल तर साडेचार धरा आणि दर दोन तासांनी पंधरा मिनिटं सगळ्यांनी खाली उतरायचं म्हणजे उतरायचं, कोणी झोपलं असेल तर ठीक, पण ड्रायव्हरने तरी उतरायचंच.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी बघून घ्या. टायरची हवा टायर गार असताना तपासायची, चालवून गरम झाल्यावर प्रेशर जास्त दिसतं. स्टेपनीतली हवा कोणी बघत नाही, ती आवर्जून बघा. कूलंट, ब्रेक, वायपर, सगळे दिवे, आणि जॅक-पान्हा गाडीत खरंच आहे ना ते. सॅक, बाटल्या, बूट वगैरे मागच्या काचेपाशी मोकळं ठेवू नका, जोरात ब्रेक लागला की तेच सामान उडून पुढच्यांच्या डोक्यात बसतं. मुलं मागच्या सीटवर, त्यांच्या वयाला आणि वजनाला योग्य अशा चाइल्ड सीटमध्ये, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर बाळाची मागे तोंड असलेली सीट कधीच लावायची नाही. सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभं राहायचा हट्ट मुलं करतात, त्याला पहिल्यापासूनच नाही म्हणून टाका.

घाटात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो तर गाडी लागण्याचा, आणि मुलांना, साधारण दोन ते बारा वयात, हा त्रास जास्त होतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण वळतोय, डोळे मात्र फोनवर नाहीतर पुस्तकात असतात आणि ते सांगतात की सगळं स्थिर आहे, ही गफलत झाली की मळमळ सुरू. म्हणून वळणाच्या रस्त्यावर स्क्रीन बंद, नजर पुढे लांब रस्त्यावर किंवा दूरच्या डोंगरावर, काच थोडी खाली, पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब पण नको. गोळी द्यायची असेल तर मुलाच्या वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नसतो. आणि मुलाकडे लक्ष ठेवा, आतापर्यंत बडबड करणारं पोर एकदम गप्प होतं, एकामागून एक जांभया देतं, ओठ पांढरे पडतात, कपाळावर गार घाम येतो, तोंडात लाळ जमते म्हणून सारखं गिळतं. हे दिसलं की तुमच्याकडे पाचेक मिनिटं आहेत असं समजा आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवा, पुढच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत ताणू नका. निम्मं काम ड्रायव्हरच्या हातात असतं खरं तर. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात सावकाश स्टिअरिंग फिरवायचं आणि बाहेर पडताना हलकेच वेग घ्यायचा, वळणात ब्रेक मारत गेलात की मागचे सगळे हेलकावतात.

उतरताना जुन्या ड्रायव्हर लोकांचं एक सांगणं कायम लक्षात ठेवा, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ लागायला लागतं आणि मग ऐन वेळी गाडी हवी तशी थांबत नाही. वास आला की सुरक्षित जागा बघून थांबा आणि ब्रेक गार होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका, इंजिन बंद झालं की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतच जाते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लो किंवा मॅन्युअल मोड वापरा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक खास गोष्ट, चढावर बॅटरी सपाटीपेक्षा बरीच लवकर उतरते आणि उतारावर थोडी परत भरते, पण डोंगरावरच फुल चार्ज करून निघालात तर सुरुवातीच्या उताराला ती शक्ती साठवायला जागाच नसते, त्यामुळे गाडी आपोआप धरून ठेवणं कमी होतं आणि ब्रेकवर जास्त भार येतो. वर थोडी कमीच चार्ज करा. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. धुक्यात लो बीम, हाय बीमचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो.

आणि चालवणाऱ्याचा विचार करा हो. सगळे "ते बघ, ते बघ" म्हणतात आणि त्याला बिचाऱ्याला रस्त्यावरून नजर हलवता येत नाही. दोघांना गाडी येत असेल तर आलटून पालटून चालवा, एकटाच असेल तर चांगल्या जागा आधीच मॅपवर ठरवून ठेवा आणि तिथे थांबून त्याला निवांत बघू द्या. थांबायचं ते पार्किंगची जागा असेल तिथे, वळणावर कडेला गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर उजेड तिरका असतो, तेव्हा डोंगराच्या घड्या उठून दिसतात, भर दुपारी तोच देखावा सपाट वाटतो, म्हणून बघायचं सकाळी आणि दुपारचा वेळ खाणं, सावली, झोप याला.

आता चालायचं. वाट निवडताना माथ्याकडे बघून निवडू नका, मध्ये कुठे काय आहे ते बघून निवडा. अर्ध्या वाटेवर ओढा, मोठं झाड, पठार असं काहीतरी बसण्यासारखं पाहिजे, म्हणजे आजी-आजोबा तिथपर्यंत येऊन थांबले तरी त्यांचा दिवस पूर्ण होतो. त्यांच्याबरोबर एक मोठं माणूस थांबायचंच. आणि गाडीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे द्या, ही गोष्ट फार जण विसरतात, मग पाऊस आला आणि ते आधी खाली पोचले की बंद गाडीबाहेर भिजत उभे राहतात, किल्ली वर डोंगरात.

सगळ्यात हळू माणूस पुढे आणि सगळ्यात दमदार माणूस शेवटी, हा क्रम मोडायचा नाही. उलटं केलं की पुढचे लांब जातात, थांबून विश्रांती घेतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचला की सगळे "चला" म्हणून उठतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच मिळत नाही. मुलांना पुढे पळायचं असतं, पळू द्या, पण आपण दिसतोय तेवढंच, आणि वाटेला फाटा फुटला की तिथे थांबायचं, हा नियम गाडीतच पाठ करून घ्या. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. चुकलास तर आहेस तिथेच थांब, झाडाजवळ बस आणि वाजव, एवढंच शिकवायचं. डोंगरातली जुनी ठरलेली खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट गप्प, मग परत सहा, आणि ऐकणाऱ्याने उत्तर म्हणून मिनिटात तीन वेळा. ही मोठ्यांनाही माहीत पाहिजे. टॉर्चनेही हीच खूण देता येते.

पाण्याचं साधं गणित, मोठ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त, आणि एक लिटर म्हणजे एक किलो वजन हे सॅक भरताना आठवा. मुलं तहान लागली असं वेळेवर सांगत नाहीत, दर थांब्याला दोन घोट प्यायला लावा. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको, पण त्याचं जॅकेट आणि त्याची बाटली त्यालाच उचलू द्या. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते आणि वारा वेगळाच, त्यामुळे खाली घाम येतोय म्हणून जॅकेट गाडीत ठेवून जाऊ नका. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब घालवतो, लवकर वाळणारं सिंथेटिक किंवा लोकरीचं बरं. बाळाला पाठीवरच्या कॅरिअरमध्ये घेतलं असेल तर विशेष सांभाळा, उचलणारा घामाघूम असतो आणि बाळ मात्र हलत नसल्यामुळे गारठत असतं, लोंबकळणारे पाय अधूनमधून हाताने चाचपून बघायचे, गार लागले की बाहेर काढून चोळायचे, मोजा घालायचा.

पायाचं तर वेगळंच लिहायला हवं. नवे शूज ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. टाच हुळहुळायला लागली असं कोणी म्हटलं की तेव्हाच, त्याच जागी, बूट काढायचा, मोज्यात आलेला खडा झटकायचा, मोजा ओला असेल तर बदलायचा, लाल झालेल्या जागेवर टेप गुळगुळीत बसवायची, सुरकुती राहू द्यायची नाही. पुढच्या थांब्याला बघू म्हटलं की तोवर फोड आलेला असतो आणि मग परतीची सगळी वाट लंगडत. नखं आदल्या दिवशी कापा, उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतात. उतारावरच गुडघ्यांची खरी परीक्षा असते, ज्येष्ठांना काठी द्या, सपाटीला कोपर काटकोनात येईल एवढी लांब आणि उतारावर थोडी लांब केलेली, पावलं छोटी टाकायची आणि घसाऱ्यावर घाई अजिबात नाही.

परत फिरायची वेळ निघायच्या आधीच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. ती वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी फिरायचं. उजेड किती उरलाय ते बघायला हात लांब करून बोटं आडवी धरा, सूर्य आणि क्षितिजाच्या मध्ये जेवढी बोटं बसतील तेवढे अंदाजे पाव-पाव तास, चार बोटं म्हणजे एक तास. सूर्याकडे टक लावून मात्र बघायचं नाही. समोर डोंगर असेल तर दरीत त्याहून लवकर अंधारतं, म्हणून हेडटॉर्च सॅकमध्ये असायलाच हवा. विजेचंही तसंच कडक धोरण ठेवा, वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर लगेच पक्क्या इमारतीत नाहीतर काचा बंद केलेल्या गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा. एकट्या झाडाखाली, माथ्यावर, उघड्या पठारावर थांबायचं नाही. ओढा जाताना घोट्याएवढा होता म्हणून येतानाही तेवढाच असेल असं समजू नका, वर पाऊस झाला की तो बघता बघता वाढतो.

२५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर उंची लागू शकते, डोकं दुखतं, भूक जाते, मळमळतं. छोटी मुलं हे सांगू शकत नाहीत, ती नुसती चिडचिडी होतात, खात नाहीत, झोपत नाहीत. तसं दिसलं तर पुढे चढायचं नाही आणि त्रास वाढला तर वाट न बघता खाली उतरायचं.

ऑफलाइन मॅप घरूनच डाउनलोड करा, नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, आणि फ्लाइट मोडवर ठेवलं की बॅटरी टिकते. घरी मागे राहिलेल्या कोणाला तरी कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत, हे लिहून पाठवा. कचरा सगळा परत आणायचा, डायपर आणि वाइप्ससकट. शौचाला जायचं तर पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती, कागद पिशवीत घालून परत.

खाली आल्यावर लगेच गाडी काढायची नाही. गाडीत सगळ्यांसाठी कोरडे मोजे आणि साध्या चपला ठेवलेल्या असतातच, त्या घाला, काहीतरी खा, गवतातून आला असाल तर पोटऱ्या, गुडघ्यामागे, मुलांच्या केसांत गोचीड बघा. आणि जो चालवणार आहे त्याने सीट मागे करून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे, तेवढा वेळ मुलांना बाहेर घेऊन बसायची जबाबदारी बाकीच्यांची. वाटेत डोळे जड झाले तर काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही, गाडी कडेला सुरक्षित जागी घ्या आणि परत झोपा, घरी दोन तास उशीर झाला तर होऊ द्या.