डेंग्यू : ताप उतरला म्हणून गाफील राहू नका, या चुका टाळा

पावसाळा सरत आला की राजारामपुरीतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न येतो, "प्लेटलेट किती हाय, तेवढं सांगा की." रिपोर्ट हातात पडला की बोट थेट त्या ओळीवर. त्याच कागदावर पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के), छापलेलं असतं. त्याकडे कुणी बघतही नाही.

गेल्या वर्षी मंगळवार पेठेतल्या एक वहिनी मुलाला घेऊन आल्या. तापाचा पाचवा दिवस. "अंग गार पडलंय, ताप गेला. उद्या शाळेत धाडू नव्हं?" मुलगा बाकावर आडवा, हात गार, सकाळपासून लघवी नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टला पीसीव्ही ३६ होता, आता ४४. मी रिपोर्ट छापायची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावला. दोन दिवस सलाईनवर राहून पोरगं घरी आलं.

ताप उतरतो तेव्हा रक्तातला विषाणू बराच कमी झालेला असतो, हे खरंच. पण त्याच सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आपल्याच रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेली रसायनं आणि विषाणूचं एनएस१ हे प्रथिन मिळून केशवाहिन्यांचं अस्तर सैल करतात. रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं, उरलेलं रक्त घट्ट होतं, म्हणून पीसीव्ही चढतो. मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्के वाढ ही धोक्याची खूण. हा काळ २४ ते ४८ तासांचा असतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. प्लेटलेट जरूर बघा, पण एकट्या त्या आकड्यावर धावपळ नको.

"मला एकदा झालाय, आता होत नाही." ही समजूत मला सगळ्यात जास्त काळजीत टाकते. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक झाला की त्याच्यापुरतं संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून थोडेच महिने. पुढे दुसरा प्रकार आला तर जुन्या अँटिबॉडी (आधीच्या विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं) त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. पांढऱ्या पेशी अँटिबॉडी लागलेली वस्तू ओळखून आत ओढून घेतात, आणि विषाणूला नेमकं आतच शिरायचं असतं. तिथं तो स्वतःच्या हजारो प्रती काढतो, शिवाय पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते, ती हाकाटीही दाबतो. क्युबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, १९८१ मध्ये दुसऱ्याची. दुसऱ्या वेळी १५८ माणसं दगावली, आणि गंभीर झालेल्यांत आधी डेंग्यू होऊन गेलेले फार होते. आईकडून आलेल्या अँटिबॉडींमुळे तान्ह्या बाळात पहिल्याच वेळी असं घडू शकतं. म्हणून आधी डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

चाचणीचा दिवसही चुकतो. एनएस१ पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं. आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात शरीर आधी बनवतं ती अँटिबॉडी, पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागते. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून "डेंग्यू नाही" असं धरू नका. दुसऱ्या वेळच्या डेंग्यूत जुन्या अँटिबॉडी एनएस१ला झाकतात, त्यामुळे तेही लवकर निगेटिव्ह येतं.

अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

आणखी एक, घरोघरी सुटणारी गोष्ट. तापातल्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. एडिस डास दिवसा चावतो. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर साधारण आठ ते बारा दिवसांत विषाणू त्याच्या लाळेत पोहोचतो, मग तोच डास घरातल्या दुसऱ्याला चावतो. पाण्याचा बॅरल नुसता ओतून भागत नाही. आतल्या कडेला चिकटलेली काळी, बारीक अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं घासूनच काढावी लागतात.